भाच्याचे ५५ हजार: मोठं कार्ड की मोठा मॉनिटर?

२०२३ च्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. ताई घणसोलीला राहते, मी ठाण्यात वर्तकनगरला, भाऊबीजेला जायचं होतंच पण त्याच्या पंधरा दिवस आधी चिरंजीवांचा फोन आला, "मामा, ५५ हजार जमलेत, ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर दोन्ही घेतोय, तू फक्त आईला सांग की हे बरोबर आहे." म्हणजे ठरलेलं सगळं, मी नुसता अंगठा द्यायचा. म्हटलं आधी लिस्ट पाठव.

लिस्ट आली. एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० टीआय कार्ड, ४१ हजार. २४ इंची फुल एचडी मॉनिटर, १६५ हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणारा), साडेबारा हजार. बेरीज साडेत्रेपन्न. खाली एक ओळ, "ड्रीम: २७ इंची खरा जी-सिंकवाला, ६१ हजार, नंतर कधीतरी." (जी-सिंक काय ते पुढे येतंच.) आणि पैसे कुठून, तर ४० हजार त्याचे स्वतःचे, ८ महिने इंटर्नशिपचे महिना ५ हजार साठवून, आणि १५ ताईचे. अ‍ॅनिमेशनचा कोर्स करतो, दिवसा ब्लेंडर (थ्रीडी अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर) आणि रात्री गेम. हे मुद्दाम सांगतोय कारण शेवटी निकाल याच्यावरच फिरला.

पुढच्या रविवारी ट्रान्स हार्बर पकडून घणसोलीला गेलो आणि आधी त्याच्या खुर्चीत तासभर बसलो. माझा एक नियम आहे, कोणी काय घेऊ विचारलं की आधी त्रास काय होतोय ते बघायचं, कारण बहुतेक वेळा माणसाला त्रास एका गोष्टीचा असतो आणि तो खरेदी दुसऱ्याच गोष्टीची करत असतो.

सामान असं होतं: रायझन ५ ३६०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६५० चं ४ जीबीवालं कार्ड, ४५० वॉट लिहिलेला एक बिननावाचा एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज देणारा डबा, आणि २०१६ चा २२ इंची ६० हर्ट्झ मॉनिटर. त्या १६५० ची वेगळीच रडकथा आहे. २०१९ च्या एप्रिलमध्ये १४९ डॉलरला आलेलं कार्ड, ते आम्ही मे २०२१ मध्ये १९ हजारांना घेतलं, कारण तेव्हा मायनिंगवाल्यांनी (कार्डांवर क्रिप्टो नाणी काढणाऱ्यांनी) आणि टंचाईने बाजार पार उलटापालटा केला होता आणि पोराचं कॉलेज ऑनलाइन होतं. ताईच्या मनात ते १९ हजार अजून रुतलेले. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम या क्रिप्टो नाण्याचं मायनिंग बंद झालं, भाव खाली आले, पण जखम ती जखम.

तर गेम लावला. एल्डन रिंग. कॅमेरा फिरवला की समोरचा दगडी खांब मधोमध चिरल्यासारखा, वरचा अर्धा डावीकडे, खालचा उजवीकडे, क्षणभरच पण दर वळणाला. यालाच टेअरिंग म्हणतात. व्ही-सिंक, म्हणजे कार्डाला मॉनिटरच्या वेळेशी बांधणारं सेटिंग, चालू केलं तर चीर गेली पण गेम गुडघ्यातून चालायला लागला. पोरगा म्हणाला, "बघ ना मामा, कार्डच कमी पडतंय." कार्ड कमी पडत होतंच, पण चीर काही कार्डाची नव्हती.

ताईला समजावताना मी जे सांगितलं तेच इथे लिहितो. ६० हर्ट्झचा मॉनिटर म्हणजे टाइमटेबलवर चालणारी लोकल, दर १६.७ मिलिसेकंदाला एक गाडी, प्रवासी असो नसो. कार्डाला फ्रेम, म्हणजे एकेक चित्र, बनवायला मात्र दर वेळी वेगळा वेळ लागतो, रिकाम्या मैदानात कमी, मारामारी लागली की जास्त. व्ही-सिंक बंद असेल तर प्रवासी चालत्या गाडीत उडी मारतो, म्हणून अर्धं चित्र जुनं, अर्धं नवं. व्ही-सिंक चालू असेल तर १७ मिलिसेकंद लागले तरी गाडी चुकली, पुढचीच पकडायची, म्हणजे ३३.३ मिलिसेकंद, म्हणजे ६० वरून थेट ३०. आणि अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक म्हणजे घणसोली स्टेशनबाहेरची शेअर रिक्षा. भरली की सुटली. फ्रेम तयार झाली की मॉनिटर तेव्हाच चित्र काढतो, स्वतःचं टाइमटेबल बाजूला ठेवून. ताई म्हणाली, "मग हे आधीपासून असंच का नव्हतं?" प्रश्न चांगला होता.

नव्हतं कारण हे विकत मिळत होतं, आणि महाग मिळत होतं. एनव्हिडियाने जी-सिंक, म्हणजे त्यांची स्वतःची शेअर रिक्षा, जाहीर केलं ऑक्टोबर २०१३ मध्ये. त्यासाठी मॉनिटरच्या आत त्यांचं स्वतःचं मॉड्यूल लागायचं, त्यावर प्रोग्राम करता येणारी महागडी चिप आणि ७६८ एमबी मेमरी, आणि त्याचा सगळा भार गिऱ्हाइकावर. २०१४ मध्ये आलेला २७ इंची, १४४ हर्ट्झचा पहिला गाजलेला मॉनिटर ७९९ डॉलरचा होता. त्याच वर्षी मे महिन्यात व्हेसाने, म्हणजे डिस्प्लेचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने, हीच कल्पना डिस्प्ले पोर्ट १.२ए मध्ये घातली आणि तिचं नाव अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक. एएमडी या एनव्हिडियाच्या प्रतिस्पर्धी कंपनीने त्यावर फ्रीसिंक उभं केलं, रॉयल्टी नाही, वेगळं मॉड्यूल नाही, मार्च २०१५ पासून मॉनिटर दुकानात. मग चार वर्षं असा तमाशा की एनव्हिडियाचं कार्ड असेल तर महागडा मॉनिटर घ्या, स्वस्त मॉनिटर हवा तर एएमडीचं कार्ड घ्या. मी त्यातच सापडलो होतो. २०१७ मध्ये जीटीएक्स १०६० घेतलं आणि स्वस्त पडला म्हणून ७५ हर्ट्झचा फ्रीसिंक मॉनिटर, म्हणजे नवरा एका गावचा, वरात दुसऱ्या गावात. जानेवारी २०१९ मध्ये एनव्हिडियाने ड्रायव्हरमधून १०-सिरीजपासून पुढच्या कार्डांना डिस्प्ले पोर्टवरून हे अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक मॉनिटर उघडे केले. तेव्हा त्यांनी सांगितलं की ४०० तपासले आणि १२ पास होऊन त्यांना बिल्ला मिळाला, पण जे बिल्ल्याविना राहिले तेही हाताने चालू करता येतात, फक्त नीट चालतील याची हमी नाही.

म्हणून त्याच्या "ड्रीम" ओळीवर मी पहिल्या पाच मिनिटांत काट मारली. ६१ हजारांत मॉड्यूलवाला मॉनिटर उत्तमच असतो, अगदी कमी फ्रेमपर्यंत सिंक धरतो, ओव्हरड्राइव्ह (पिक्सेल लवकर बदलायला दिलेला जोर) पण फ्रेमबरोबर बदलतो, पण २३-२४ हजारांच्या चांगल्या मॉनिटरपेक्षा अडीचपट मजा? नाही रे. एवढ्या पैशात मॉनिटर आणि कार्ड दोन्ही येतात.

आता ताईची वही. ताईकडे एक लांबट वही असते, दूध, पेपर, गॅस, वाण्याची उधारी सगळं त्यात. ती वही घेऊन बसली आणि एकच प्रश्न विचारला, "यातलं टिकणार किती वर्षं?" मामा-भाचे दोघं गप्प. आम्ही एफपीएस, म्हणजे सेकंदाला फ्रेम किती ते, मोजत बसलेलो आणि बाई वर्षं मोजत होती.

मी माझ्या अनुभवाने लिहायला सांगितलं, मॉनिटर ७ वर्षं, कार्ड ४ वर्षं. जुना २२ इंची ७ वर्षं चाललेला समोर होताच. मग वहीत आलं ते असं: ४०६० टीआयचे ४१ हजार भागिले ४, वर्षाला १०,२५०. साडेबारा हजारांचा मॉनिटर भागिले ७, वर्षाला १,८०० च्या खाली. म्हणजे जी वस्तू लवकर शिळी होणार तिच्यात पाऊण पैसा, आणि जी रोज आठ-दहा तास डोळ्यासमोर असणार, ब्लेंडरमध्येही, तिच्यात उरलासुरला. ताईने पेन टेकवून पोराकडे बघितलं फक्त.

मी उलटा हिशोब मांडला. २७ इंची क्यूएचडी (फुल एचडीच्या वरचा), आयपीएस पॅनलवाला मॉनिटर, १६५ हर्ट्झ, साडेतेवीस हजार, वर्षाला ३,३६० च्या आसपास. कार्ड एक पायरी खाली, साधं ४०६०, साडेएकोणतीस हजार, वर्षाला ७,३७५. बेरीज जवळपास तीच, ५३ हजार. पोरगा लगेच उसळला, आणि त्याचा मुद्दा चुकीचा नव्हता, "मामा, क्यूएचडीला पिक्सेल किती वाढतात माहितीये ना? कार्ड लहान आणि पडदा मोठा, मग फ्रेम पडणारच." बरोबर. फुल एचडीला २०.७ लाख पिक्सेल, क्यूएचडीला ३६.९ लाख, जवळपास पावणेदोन पट. पण दोन गोष्टी तो धरत नव्हता.

एक म्हणजे डीएलएसएस, एनव्हिडियाच्या कार्डातलं चित्र मोठं करायचं तंत्र. क्यूएचडीवर क्वालिटी मोडला ठेवलं की कार्ड आतून साधारण १७०७ बाय ९६० वर चित्र काढतं आणि मग मोठं करतं, म्हणजे १६.४ लाख पिक्सेल, फुल एचडीपेक्षाही कमी काम. मोठं करायला थोडा वेळ जातो, पण जड गेममध्ये हाच जुगाड तारतो, आणि २७ इंचावर मला तरी ते फुल एचडीपेक्षा चांगलंच दिसतं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. लोक मोठं कार्ड घेतात ते बऱ्याचदा ६० च्या खाली कधीच जाऊ नये म्हणून, कारण ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर ५५ म्हणजे शिक्षा असते. सिंक असेल तर ही भीतीच जाते. ५५ हे ५५ सारखंच दिसतं, थोडं कमी गुळगुळीत, बस. आणि वर गेलात तर फरक विरळ होत जातो. ७० फ्रेम म्हणजे १४.३ मिलिसेकंद, ८५ फ्रेम म्हणजे ११.८, अडीच मिलिसेकंदाच्या फरकासाठी साडेअकरा हजार जास्त. व्हॅलोरंटमध्ये तर त्याचं हे जुनं १६५० सुद्धा शंभराच्या वर सहज जात होतं, तिथे अडचण ६० हर्ट्झच्या मॉनिटरची होती. एल्डन रिंगला तर गेमनेच ६० चं कुलूप लावलंय, तिथे ४०६० टीआय लावा नाहीतर त्याचा बाप लावा.

मधेच ताईने महावितरणच्या बिलाचं विचारलं, तेही करून दाखवलं. १६५० ७५ वॉट, ४०६० ११५ वॉट, ४० वॉट जास्त, रोज ३ तास, महिन्याला ३.६ युनिट. "एवढंच?" म्हणाली आणि पान उलटलं.

मी शेवटी सुचवलं ते पोराला अजिबात आवडलं नाही: आत्ता फक्त मॉनिटर घे. १६५० वर पण सिंक चालतं, तुझ्या कार्डाला डिस्प्ले पोर्ट आहे हे मी मागे वाकून बघितलंय. दीड-दोन महिने तसाच खेळ, मग कार्डाचं ठरव. तो म्हणाला अर्धवट काय मजा. ताई म्हणाली मॉनिटरच. निकाल लागला.

खरेदीला ठाण्यात गेलो, गोखले रोडच्या आतल्या गल्लीतलं एक दुकान. नाव घेत नाही पण किस्सा सांगतो. त्याने आधी १९ हजारांचा वळणदार, व्हीए नावाच्या दुसऱ्या प्रकारच्या पॅनलवाला मॉनिटर पुढे केला, खोक्यावर "जी-सिंक रेडी" असा गोल स्टिकर, आणि तो स्टिकर नीट बघितला तर कंपनीने छापलेलाच नव्हता, वरून चिकटवलेला, कडा सुटलेली. मी विचारलं सिंकची रेंज किती? "साहेब, फुल रेंज." असं काही नसतं. रेंज म्हणजे किती ते किती हर्ट्झ, ४८ ते १६५ असं. खालचा आकडा फार महत्त्वाचा. ४८ म्हणजे ही शेअर रिक्षा जास्तीत जास्त २०.८ मिलिसेकंद थांबते. ४० फ्रेम पडत असतील तर प्रत्येकीला २५ मिलिसेकंद, रिक्षा तेवढी थांबू शकत नाही, मग ड्रायव्हर काय करतो की एकच फ्रेम दोनदा दाखवतो, मॉनिटर ८० हर्ट्झवर धावतो. यासाठी वरचा आकडा खालच्याच्या दुप्पट तरी लागतो. माझा तो ७५ हर्ट्झचा ४८ ते ७५ होता, ४८ ची दुप्पट ९६, जागाच नाही, त्यामुळे ४८ च्या खाली गेलं की पुन्हा चीर नाहीतर झटके. स्वस्त मॉनिटरची खरी मेख इथे असते, बिल्ल्यात नाही. आणि व्हीए पॅनलवर फ्रेम वरखाली झाल्या की अंधाऱ्या सीनमध्ये उजेड लुकलुकतो, सगळ्यात नाही पण स्वस्तातल्या बऱ्याच जणांत, मी दोन बघितलेत. मोठा ३४ इंची पण त्याने दाखवला, पण ३२ इंचाच्या वर तेव्हा जीएसटी २८ टक्के होता, खाली १८ (आता सप्टेंबर २०२५ पासून सगळ्यांनाच १८). शेवटी साडेतेवीसचा आयपीएस, ४८ ते १६५, पक्कं बिल, डेड पिक्सेल दुकानातच लावून तपासून.

२७ इंची खोकं घेऊन संध्याकाळी सातला ठाण्याहून वाशी लोकल पकडायचा विचार सुद्धा करू नका. रिक्षा केली, कळव्यावरून, आणि विटाव्याला रेल्वे पुलाखाली जे अडकलो ते अर्धा तास, खोकं आमच्या दोघांच्या मांडीवर आडवं, मला पोरगा दिसत नव्हता नुसता आवाज येत होता, "मामा, पॅनल दबत तर नाही ना?"

घरी जोडलं आणि चीर तशीच!

पोराचा चेहरा बघवेना, ताईच्या हातात वही. आधी विंडोजमध्ये बघितलं, मॉनिटर १६५ चा पण सेटिंग ६० वर. ते बदललं तर १४४ पर्यंतच जातंय, १६५ दिसतच नाही, आणि एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये जी-सिंकचं पानच गायब. तेव्हा डोक्यात उजेड पडला. खोक्यात फक्त एचडीएमआय केबल आली होती, आम्ही तीच लावलेली, आणि या कार्डाला या मॉनिटरवर सिंक डिस्प्ले पोर्टमधूनच मिळणार. हे मीच २०१९ मध्ये स्वतःच्या घरी शिकलेलो आणि मीच विसरलो. दुसऱ्या दिवशी ७०० रुपयांची केबल, वहीत नवी ओळ.

मग मात्र बसलो. मॉनिटरच्या स्वतःच्या मेन्यूत रिफ्रेश रेट दाखवायची सोय असते, कोपऱ्यात हिरवा आकडा. साधारणपणे तो आकडा मेल्यासारखा एका जागी असतो, आता तो नाचत होता, ७८, ८४, ९२, परत ८०. म्हणजे गेममध्ये ३९-४६ पडत होते आणि प्रत्येक फ्रेम दोनदा जात होती. तोच खांब, तेच वळण, चीर नाही. कार्ड तेच १६५०. पोरगा पाच मिनिटं नुसता कॅमेरा गोल फिरवत होता. मी त्याला व्हॅलोरंटमध्ये फ्रेमची मर्यादा १५८ ला लावायला सांगितली, १६५ च्या थोडं खाली, म्हणजे सिंकच्या बाहेर उडी जात नाही.

पुढचे दीड महिने त्याने खरंच नोंद ठेवली, हे मला अपेक्षित नव्हतं. निघालं असं की एल्डन रिंग सेटिंग उतरवून चालून जातो, सायबरपंक मात्र पंचविशीत घुटमळतो आणि तिथे सिंक काही करू शकत नाही, चीर जाते पण हाताला जडपणा राहतोच. २५ फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद, त्या दोनदा दाखवा नाहीतर चारदा. म्हणजे नवं कार्ड हवंच होतं. पण टीआयचं नाव त्याने परत काढलं नाही, स्वतःहूनच.

मग माझा आग्रह होता एएमडीचं आरएक्स ६६००, तेव्हा साडेवीस हजारांना मिळत होतं, मॉनिटर फ्रीसिंकचाच असल्याने कुठलंही कार्ड चालणार, कंपनीची बेडी नाही, ९ हजार वाचतात. नुसता गेमचा प्रश्न असता तर आजही मी तेच सांगेन. पण इथे भाच्याने मला गप्प केलं. ब्लेंडरमध्ये सायकल्स या इंजिनाने रेंडर करायला, म्हणजे शेवटचं चित्र काढायला, एनव्हिडियाचं ऑप्टिक्स हे तंत्र बरंच पुढे आहे, आणि त्याच्या कोर्सला आठवड्याला एक असाइनमेंट. "मामा, ९ हजार वाचवून मी रात्रभर रेंडरकडे बघत बसू?" मान्य.

संक्रांतीच्या आधी लॅमिंग्टन रोडला, मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात, गेलो, ठाणे, दादर, तिथून वेस्टर्नने ग्रँट रोड. एकाने बिलाशिवाय दीड हजार कमी सांगितले, कार्डावर वॉरंटीचं काय तर "मी आहे ना." नमस्कार केला आणि पुढच्या दुकानातून पक्क्या बिलावर साडेएकोणतीसला घेतलं. एसएमपीएस पण बदलला, ५५० वॉट, ब्राँझ दर्जाचा, ४,३०० ला, कारण त्या जुन्या बिननावाच्याला आठ पिनांची वायरच नव्हती आणि कार्डाला ती लागते. पोराच्या पहिल्या लिस्टमध्ये ही ओळ नव्हती, टीआय आणला असता तर घरी येऊन खोक्यातच पडला असता. जुनं १६५० ऐरोलीच्या एका मुलाने ६ हजारांना नेलं, घरी येऊन गेम चालवून बघून.

ताईने वहीत उभी बेरीज केली: २३,५०० मॉनिटर, ७०० वायर, ४,३०० "पावरचा डबा", २९,५०० कार्ड, झाले ५८,०००. वजा ६,०००. राहिले ५२,०००. पोरगा हेडफोनचं काहीतरी बोलायला लागला होता. ताईने त्याच्याकडे न बघता खाली लिहिलं, "३,००० शिल्लक, माझ्या १५ मधले, परत घेतले," आणि वही कपाटावर ठेवली.